वारंवार होणारी काखमांजरी आणि बायोलॉजिक इंजेक्शनं: निदानापासून पहिल्या वर्षापर्यंत

काखेत गळू येतं, पिकतं, फुटतं. घरातले म्हणतात अंगात उष्णता झाली. सर्जन चिरा देऊन पू काढतात, आठवडाभर अँटिबायोटिक चालतं आणि प्रकरण मिटल्यासारखं वाटतं. तीन-चार महिन्यांनी त्याच काखेत, जुन्या व्रणापासून बोटभर अंतरावर, दुसरं येतं. मग जांघेत. बायकांना स्तनांच्या खाली, पुरुषांना बऱ्याचदा ढुंगणावर किंवा गुदद्वाराच्या आजूबाजूला. ब्लाउजला नाहीतर बनियनला पिवळट डाग पडतात, वास येतो, लोकलमध्ये वरची कडी धरायला हात उचलत नाही. नातेवाइकांना सांगता येत नाही, लग्न ठरत असेल तर त्याहून नाही.

हा आजार म्हणजे हायड्राडेनायटिस सपुराटिव्हा. डॉक्टर त्याला एचएस म्हणतात, आपणही तेच म्हणू. केसाच्या मुळाभोवतीच्या पिशवीचं तोंड बुजतं, आत केराटिन (त्वचेचं आणि केसांचं कठीण प्रथिन) साठतं, पिशवी फुगून त्वचेच्या आतल्या आतच फुटते. जे बाहेर पडायचं ते आत सांडलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यावर तुटून पडते. टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१७ आणि इंटरल्युकिन-१ ही दाह पेटवणारी प्रथिनं तिथे भरमसाट तयार होतात. म्हणजे हा मुळात जंतुसंसर्ग नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि अस्वच्छतेमुळे तर मुळीच होत नाही. दिवसातून तीनदा आंघोळ करणाऱ्यालाही होतो.

बायोलॉजिक औषधं, म्हणजे जिवंत पेशींत बनवलेली, इंजेक्शनने द्यायची प्रथिनं, दाहाच्या त्या प्रथिनांनाच अडवतात. ती दाह थांबवतात, पण त्वचेखाली आधीच तयार झालेले बोगदे, म्हणजे गाठींना आतून जोडणाऱ्या, पू वाहणाऱ्या नळ्या, बुजवत नाहीत. या लेखातला बाकी सगळा हिशेब या एका वाक्यावर उभा आहे. उशिरा सुरू केलेलं महागडं इंजेक्शन अपुरं का पडतं आणि घाईने, तपासण्या न करता सुरू केलेलं अंगलट का येतं, दोन्ही त्यातून कळतं.

पायरी १: हे एचएसच आहे ना?

निदान डोळ्यांनी आणि प्रश्न विचारून होतं, त्यासाठी वेगळी रक्ततपासणी नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात. गाठी ठरावीक प्रकारच्या हव्यात: खोल, दुखऱ्या, पिकणाऱ्या किंवा आतून एकमेकींना जोडलेल्या. जागा ठरावीक हव्यात: काख, जांघ, स्तनांखाली, ढुंगण, गुदद्वाराभोवती. आणि त्या परत परत यायला हव्यात. सहा महिन्यांत दोनदा आल्या तरी शंका घ्यावी. जोडीला दोन तोंडांचे काळे ठिपके दिसले तर निदान आणखी पक्कं होतं. जगभरात रुग्णाला हे नाव कळायला सरासरी सात ते दहा वर्षं लागतात. या काळात तो सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, भगंदरवाले डॉक्टर, सगळे फिरून आलेला असतो.

आपल्याकडे मात्र एक फाटा आहे, जो युरोपातल्या मार्गदर्शक तत्त्वांत ठळकपणे सापडणार नाही. काखेतली, मानेतली किंवा जांघेतली वाहणारी गाठ क्षयाचीही असू शकते. लसीकाग्रंथीचा क्षय त्वचेतून फुटतो तेव्हा अगदी अशीच पाझरणारी तोंडं पडतात. म्हणून पहिल्यांदा चिरा देतानाच पू आणि ऊतीचा तुकडा सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या) तपासणीला आणि बायोप्सीला पाठवायला सांगा. नुसतं ‘पस कल्चर’ पुरत नाही, त्यात क्षयाचा जंतू उगवत नाही. क्षय समजायचा राहिला आणि टीएनएफ अडवणारं इंजेक्शन दिलं, तर आगीत तेल ओतल्यासारखं होतं.

जायचं कुठे? त्वचारोगतज्ज्ञाकडे. सर्जन लागतील, पण नंतर आणि सोबतीला. ससून, केईएम, नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, अशा ठिकाणी त्वचारोग विभाग आहेत आणि तिथे एचएस हे नाव नवीन नाही.

पायरी २: आजार कुठवर आलाय ते मोजा

१९८९ साली हर्ली यांनी केलेली विभागणी अजून वापरात आहे. पहिल्या टप्प्यात सुट्या गाठी येतात, बोगदे नसतात, व्रण नसतात. दुसऱ्यात गाठी परत परत येतात आणि मध्ये मोकळी त्वचा सोडून एखाददुसरा बोगदा पडलेला असतो. तिसऱ्यात अख्खी काख किंवा जांघ बोगद्यांच्या जाळ्याने भरून जाते.

औषध लागू पडतंय का हे बघायला मात्र हर्लीचा उपयोग नाही, कारण झालेला व्रण पुसला जात नाही. त्यासाठी आयएचएस-४ हा साधा हिशेब आहे आणि तो घरी आरशासमोरही करता येतो. सुजलेल्या, दुखऱ्या गाठी मोजा, प्रत्येकीला १ गुण. पू भरलेली, दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखी वाटणारी गळवं मोजा, प्रत्येकी २. वाहणारे बोगदे, प्रत्येकी ४. समजा तीन गाठी, एक गळू आणि दोन वाहणारे बोगदे आहेत: ३ + २ + ८ = १३. तीनपर्यंत आजार सौम्य, ४ ते १० मध्यम, ११ किंवा जास्त म्हणजे तीव्र. बोगद्याचं वजन किती जास्त धरलंय बघा. एक बोगदा वाहायला लागला की माणूस सौम्यातून थेट मध्यमात जातो.

हा आकडा आणि त्या दिवशीचे फोटो तारखेसकट मोबाइलमध्ये ठेवा. फोटो काढायला लाज वाटते हे खरं आहे, पण चार महिन्यांनी डॉक्टर ‘फरक आहे का’ विचारतील तेव्हा आठवणीवर विसंबलं की गोंधळ होतो. विमा कंपनीलाही हाच कागद लागतो.

पायरी ३: आधी काय झालेलं असावं

सौम्य आजारात क्लिंडामायसिनचं लोशन, त्यानंतर डॉक्सिसायक्लिनसारख्या टेट्रासायक्लिन गटातल्या गोळ्या साधारण १२ आठवडे. एकटीदुकटी गाठ फार ठणकत असेल तर तिच्यात ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड टोचतात, दोन-तीन दिवसांत उतार पडतो. स्त्रियांना स्पायरोनोलॅक्टोन, मधुमेह किंवा पीसीओएस असेल तर मेटफॉर्मिन. हे सगळं स्वस्त आहे आणि अनेकांना पुरतं.

त्यानंतर पुस्तकात येतं क्लिंडामायसिन आणि रिफाम्पिसिन, दोन्ही दिवसातून दोनदा ३०० मिलिग्रॅम, १० आठवडे. परदेशात हे सर्रास देतात. भारतात मला ते सर्रास देणं पटत नाही. रिफाम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध. शरीरात क्षय लपलेला असेल तर एकट्या रिफाम्पिसिनने तो दबतो, तपासणीत सापडत नाही आणि जंतू त्या औषधाला सरावण्याची भीती राहते. द्यायचंच ठरलं तर आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी व्हावी. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात हेही स्त्रियांना सांगायचं राहून जातं.

तीन महिने नीट औषध घेऊनही आयएचएस-४ मध्यम किंवा तीव्र राहत असेल, किंवा नवीन बोगदा पडत असेल, तर बायोलॉजिकचा विषय काढायची वेळ झाली. तुमच्या डॉक्टरांनी काढला नाही तर तुम्ही काढा. ‘अजून एक कोर्स करून बघू’ हे वाक्य चौथ्यांदा ऐकू आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्या कोर्सच्या काळात बोगदे पडत राहतात आणि पडलेला बोगदा पुढे सर्जनच्या हातूनच जातो.

पायरी ४: कोणतं औषध

एचएससाठी अमेरिका आणि युरोपात रीतसर मंजूर झालेली बायोलॉजिक तीन.

अडालिम्युमॅब टीएनएफ-अल्फाला अडवतं. २०१५ साली ते एचएससाठी मंजूर झालेलं पहिलं बायोलॉजिक ठरलं आणि नंतर १२ वर्षांवरच्या मुलांसाठीही मान्य झालं. पहिल्या दिवशी १६० मिलिग्रॅम, पंधराव्या दिवशी ८०, एकोणतिसाव्या दिवसापासून दर आठवड्याला ४० किंवा दर पंधरवड्याला ८०.

सेक्युकिन्युमॅब इंटरल्युकिन-१७ए ला अडवतं, २०२३ मध्ये मंजूर झालं. पहिले पाच डोस आठवड्याच्या अंतराने, प्रत्येकी ३०० मिलिग्रॅम, मग दर चार आठवड्यांनी. गुण कमी पडला तर दर दोन आठवड्यांनी.

बिमेकिझुमॅब इंटरल्युकिन-१७ए आणि १७एफ अशा दोघांना अडवतं, २०२४ मध्ये मंजूर झालं. सोळाव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्याला ३२० मिलिग्रॅम, मग चार आठवड्यांनी एकदा.

यांचा गुण किती? चाचण्यांत एक माप वापरतात: गाठी आणि गळवं मिळून निम्म्याने किंवा जास्त कमी झाली आणि गळवं किंवा वाहणारे बोगदे वाढले नाहीत, तर औषध लागू पडलं. अडालिम्युमॅबच्या पायोनियर नावाच्या दोन चाचण्यांत १२ आठवड्यांनी ४१.८ आणि ५८.९ टक्के लोकांना हा फरक पडला. त्याच वेळी नुसतं औषधविरहित इंजेक्शन घेतलेल्यांपैकीही २६ आणि २७.६ टक्क्यांना पडला. सेक्युकिन्युमॅबचे आकडे १६ आठवड्यांना ४२ ते ४६ टक्के, बिमेकिझुमॅबचे साधारण ४८ ते ५२. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून शर्यत लावू नये.

या आकड्यांतून दोन गोष्टी उचलायच्या. निम्म्या लोकांना पहिल्या औषधाने मनासारखा गुण येणार नाही, हे इंजेक्शन टोचण्याआधीच माहीत हवं. आणि चौथा हिस्सा लोक काहीही न देता तात्पुरते सुधारतात, कारण हा आजारच चढ-उताराचा आहे. म्हणून कुठल्याही बाबाच्या लेपाने ‘महिन्यात फरक पडला’ यावर विश्वास ठेवू नका. इंजेक्शनने महिन्यात फरक पडला नाही यावरून निराशही होऊ नका.

निवड बरीचशी तुमच्या बाकीच्या आजारांवरून होते. क्रोन्ससारखा आतड्यांचा दाह असेल तर इंटरल्युकिन-१७ वाली औषधं टाळतात, त्याने आतडं बिघडू शकतं. तिथे अडालिम्युमॅब दोन्ही कामं करतं. हृदय बरंच कमकुवत झालेलं असेल किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखा मज्जातंतूंचा आजार असेल तर उलट, टीएनएफ अडवणारं औषध नको. पाठीच्या कण्याचा संधिवात किंवा सोरायसिस असेल तर दोन्ही गट चालतात. दबलेला क्षय सापडला असेल तर इंटरल्युकिन-१७ कडे कल असतो, कारण क्षयाला कोंडून ठेवणारी भिंत टिकवण्यात टीएनएफचा हात मोठा आहे. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफच अडवणारं, पण शिरेतून द्यायचं औषधही तज्ज्ञ वापरतात, विशेषतः वजन जास्त असेल तर, कारण त्याचा डोस वजनावर ठरतो. एचएससाठी त्याची रीतसर मंजुरी मात्र नाही.

पायरी ५: सुरू करण्याआधीच्या तपासण्या

या पायरीवर घाई केलेली मला खपत नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. आपल्यापैकी असंख्य लोकांच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू वर्षानुवर्षं निजलेले असतात आणि त्यांचा काही त्रास होत नाही. टीएनएफ अडवला की ते जागे होऊ शकतात. इन्फ्लिक्सिमॅब बाजारात आल्यावर २००१ सालीच अशा ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांना क्षय फुप्फुसाबाहेर झाला होता, म्हणजे खोकल्याची वाट बघत बसलं असतं तर कळलंच नसतं.

तपासणीत तीन गोष्टी येतात. छातीचा एक्स-रे. मँटू चाचणी, म्हणजे हाताच्या त्वचेत टोचून करायची क्षयाची चाचणी. आणि आयग्रा ही रक्ताची चाचणी, जी क्वांटिफेरॉन या नावाने लॅबमध्ये ओळखतात. लहानपणी घेतलेल्या बीसीजीमुळे मँटू खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आयग्रा येत नाही. परवडत असेल तर दोन्ही कराव्यात.

मँटू वाचण्यात आपल्याकडे भलतीच ढिलाई चालते. हातावर टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत लॅबमध्ये परत जायचं असतं. पाचव्या दिवशी व्हॉट्सॅपवर फोटो पाठवून चालत नाही. तिथे लाली मोजायची नसते, कडकपणा मोजायचा असतो. बॉलपेन हाताच्या बाहेरच्या बाजूने हळूहळू आत सरकवत न्यायचं, जिथे ते कडक कडेला अडेल तिथे खूण करायची, तसंच दुसऱ्या बाजूने. मग दोन खुणांमधलं अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये. बायोलॉजिक घेणाऱ्या माणसात ५ मिलिमीटरही दुर्लक्ष करण्याजोगे नसतात. रिपोर्टवर नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहिलं असेल तर आकडा लिहून मागा.

चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे क्षय झाला असं नाही आणि बायोलॉजिक कायमचं हुकलं असंही नाही. आधी सक्रिय क्षय नाही याची खात्री करतात, लागलं तर सीटी स्कॅन करून. मग प्रतिबंधक उपचार: आयसोनियाझिड रोज सहा महिने, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे १२ डोस. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे. तो सुरू करून साधारण महिना झाला की बायोलॉजिक चालू करता येतं, सहा महिने थांबावं लागत नाही. या काळात यकृताच्या तपासण्या होतात. दारू बंद.

बाकीच्या तपासण्या पटकन सांगतो. हिपॅटायटिस बी साठी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी दोन्ही. नुसती पहिली केली तर जुना, लपलेला संसर्ग निसटतो. हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, रक्ताची मोजणी, यकृत, मूत्रपिंड, साखर. बाळंतपणाच्या वयात गर्भचाचणी. सतत जुलाब, शौचातून रक्त, सकाळी कंबर आखडणं यांपैकी काही असेल तर न विचारता सांगा, औषधाची निवड त्यावर फिरते.

पायरी ६: लसी

जिवंत जंतूंच्या लसी बायोलॉजिक सुरू झाल्यावर घेता येत नाहीत: कांजिण्या, एमएमआर, पीतज्वर. आफ्रिकेत नोकरीला जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस आधी उरकावी, मग किमान चार आठवडे थांबून इंजेक्शन. फ्लू, न्युमोकोकल, हिपॅटायटिस बी आणि नागिणीची नवी, निर्जीव लस कधीही चालते, पण आधी घेतली तर प्रतिकारशक्ती जास्त चांगली तयार होते.

पायरी ७: पैशाचं गणित, वर्षाचं करा

औषधाच्या दुकानात अडालिम्युमॅबची किंमत विचारली की बऱ्याचदा संधिवाताच्या हिशेबाने उत्तर मिळतं. संधिवातात ते पंधरवड्याला एक, म्हणजे वर्षाला २६. एचएसमध्ये ४० मिलिग्रॅमच्या सिरिंज पहिल्या दिवशी चार, पंधराव्या दिवशी दोन आणि एकोणतिसाव्या दिवसापासून दर आठवड्याला एक. पहिल्या १२ आठवड्यांतच १४ आणि पहिल्या वर्षात ५४. म्हणजे दुप्पट. हे आधी न कळल्यामुळे लोक तिसऱ्या महिन्यात स्वतःच पंधरवड्यावर येतात आणि ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणतात. मंजुरीची चाचणी आठवड्याच्या डोसवर झाली आहे, निम्म्या डोसवर नाही. सेक्युकिन्युमॅबचा हिशेब पहिल्या वर्षात १६ डोस, प्रत्येकात १५० मिलिग्रॅमची दोन इंजेक्शनं.

इथे भारतीय रुग्णाचं एक नशीब आहे. अडालिम्युमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर (मूळ बायोलॉजिकसारखंच, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध) डिसेंबर २०१४ मध्ये भारतातच बाजारात आलं, झायडस कॅडिलाचं एक्झेम्प्शिया. नंतर इतर कंपन्याही आल्या आणि किमती उतरल्या. वेगवेगळ्या ब्रँडच्या भावांत बराच फरक असतो, म्हणून डॉक्टरांना दोन-तीन पर्याय लिहून द्यायला सांगा. एकदा सुरू केलेला ब्रँड मात्र दर महिन्याला स्वस्ताईनुसार बदलू नका. कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजनांत काही इंजेक्शनं मोफत मिळतात. त्या दुकानदाराला माहीत असतातच असं नाही, डॉक्टरांकडे चौकशी करा.

विम्याचं म्हणाल तर २०१९ साली विमा नियामकाने आधुनिक उपचारांची जी यादी विमा कंपन्यांना पाळायला सांगितली, तिच्यात ‘इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी’ आहेत. बायोलॉजिक म्हणजे तेच. तरी पॉलिसीत या बाबीवर पोटमर्यादा (ठरावीक रकमेपर्यंतच भरपाई) असू शकते आणि घरी टोचलेल्या इंजेक्शनचा दावा ओपीडी म्हणून फेटाळला जाऊ शकतो. डे-केअरमध्ये टोचून घेतलं तर चालेल का, पूर्वमंजुरी लागेल का, हे पहिल्या डोसआधी लेखी विचारा. फोनवरचं ‘हो सर, होऊन जाईल’ धरू नका.

पायरी ८: फ्रिजपासून मांडीपर्यंत

ही प्रथिनं आहेत, उष्णतेने आणि गोठण्याने दोन्हीने वाया जातात. २ ते ८ अंश. फ्रिजच्या दारात नको, तिथे तापमान सतत हलतं; फ्रीझरला चिकटून नको; मधल्या कप्प्यात, मूळ खोक्यात. दुकानातून आणताना थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, पण इंजेक्शन आणि बर्फ यांच्यामध्ये टॉवेल. कुरियरने मागवलं तर पिशवी हाताला गार लागते का बघून मगच सही करा. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे वीज गेली तर खोलीचं तापमान ४० च्या पुढे जातं. मूळ ब्रँडचं अडालिम्युमॅब फ्रिजबाहेर १४ दिवस टिकतं हे खरं, पण २५ अंशांच्या आत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती सवलत जवळपास निरुपयोगी आहे. गोठून परत पातळ झालेलं इंजेक्शन दिसायला ठीक असलं तरी टाकून द्या.

पहिला डोस दवाखान्यातच घ्या आणि टोचायचं कसं ते नर्सकडून बघून घ्या. घरी: फ्रिजमधून काढून १५ ते ३० मिनिटं तसंच ठेवायचं, गरम पाण्यात बुडवायचं नाही, हलवायचं नाही. गार टोचलं तर जास्त झोंबतं. जागा मांडीची पुढची बाजू किंवा पोट, बेंबीपासून दोन इंच सोडून. एचएसच्या रुग्णाने मांडीची आतली बाजू आणि जांघेजवळची जागा टाळावी. व्रण, गाठ किंवा लाल त्वचा असेल तिथे नकोच. दर वेळी जागा बदला. टोचल्यावर चोळू नका. वापरलेली सिरिंज जाड प्लास्टिकच्या बरणीत, झाकण लावून. भरली की दवाखान्यात नेऊन द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकली तर कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला टोचते.

पायरी ९: पहिले सोळा आठवडे

पहिल्यांदा बहुतेकांचा ठणका कमी होतो, मग नवीन गाठी येण्याचं अंतर वाढतं, जुने बोगदे सगळ्यात शेवटी आणि बऱ्याचदा अर्धवटच सुकतात. दर रविवारी आयएचएस-४ मोजा, वेदना शून्य ते दहात लिहा, पट्ट्या किती लागल्या ते लिहा. मधेच एखादं गळू उठलं तर इंजेक्शन बंद करायचं नाही. गाठीत स्टेरॉइड टोचून किंवा थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी ते निस्तरता येतं. निर्णय १२ ते १६ आठवड्यांनी.

टोचल्या जागी लाली आणि खाज ही किरकोळ गोष्ट. सर्दी-खोकला थोडा जास्त होतो. इंटरल्युकिन-१७ वाल्या औषधांत तोंडात पांढरा थर, गिळताना जळजळ किंवा जांघेत बुरशी होते, बिमेकिझुमॅबने जास्त. साध्या औषधाने जाते. अडालिम्युमॅबने क्वचित तळहात-तळपायांवर सोरायसिससारखे चट्टे उठतात, तेव्हा औषध बदलावं लागू शकतं.

पुढचा डोस न घेता डॉक्टरांना गाठायचं ते केव्हा: ताप १०० च्या वर दोन दिवस राहिला, खोकला दोन आठवडे झाला, रात्री घाम, वजन उतरणं, मानेत गाठ, पोट फुगून दुखणं, हातापायांत बधिरता, दिसण्यात फरक, जिना चढताना नवी धाप, डोळे पिवळे. सुरुवातीला क्षयाची तपासणी निगेटिव्ह आली होती म्हणून निर्धास्त राहायचं कारण नाही. आपल्या देशात नवा संसर्ग लोकलच्या डब्यातही होतो. वर्षातून एकदा लक्षणं विचारून तपासणी परत करून घ्यावी.

सिगारेट आणि बिडी सोडणं, वजन उतरवणं, घट्ट जीन्स आणि काखेत घासणारे ब्लाउज टाळणं, दुखऱ्या भागात रेझर न फिरवणं, हे इंजेक्शनच्या जोडीने चालू ठेवायचं. वजन जास्त असेल तर ठरावीक डोसची औषधं कमी पडतात. पण ‘आधी वजन कमी करा, मग बघू’ म्हणून उपचार अडवून धरणाऱ्यांशी मी सहमत नाही. जांघेत वाहतं गळू घेऊन कोण पळायला जाणार?

पायरी १०: गुण आला नाही, किंवा येऊन गेला

आधी डोस खरोखर वेळेवर आणि पूर्ण गेला का, फ्रिज नीट होता का, हे तपासा. मग प्रश्न असा की औषध सुरुवातीपासूनच लागू पडलं नाही की वर्षभर छान चालून मग ढेपाळलं. दुसऱ्या प्रकारात शरीराने औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार केलेल्या असू शकतात, आणि मध्ये मध्ये डोस चुकवणाऱ्यांत हे जास्त दिसतं. एका गटाने काम केलं नाही तर दुसऱ्या गटाकडे जाता येतं.

गाठी थांबल्या पण बोगदे वाहतच आहेत, असं असेल तर औषध हरलेलं नाही, सर्जनची पाळी आली आहे. डीरूफिंग म्हणजे बोगद्याचं छत कापून तो उघडा करायचा आणि तळापासून भरू द्यायचा; स्थानिक भूल देऊनही होतं. मोठ्या जाळ्यासाठी तो भागच काढतात. नुसता चिरा देऊन पू काढणं म्हणजे तात्पुरती सुटका, गळू जवळजवळ हमखास परत येतं. शस्त्रक्रियेसाठी बायोलॉजिक बंद करायलाच हवं असंही नाही. अडालिम्युमॅब चालू ठेवून मोठ्या शस्त्रक्रिया केलेल्या शार्प्स या चाचणीत जखमेचा त्रास वाढला नाही. सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञ यांचं फोनवर एकदा बोलणं करून द्या, नाहीतर एक म्हणेल बंद, दुसरा म्हणेल चालू.

ढुंगणावर किंवा गुदद्वाराजवळ वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जागी मांस वाढल्यासारखं दिसलं, रक्त यायला लागलं किंवा दुखणं एकाएकी बदललं, तर बायोप्सी करा. जुन्या एचएसमध्ये तिथे त्वचेचा कर्करोग होऊ शकतो.

डोक्यावर खोल, पू धरणाऱ्या गाठी येऊन तिथले केस जाणारे काही आजार याच कुळातले आहेत. डिसेक्टिंग सेल्युलायटिसमध्ये अडालिम्युमॅब वापरून गुण आल्याच्या नोंदी आहेत, पण मोठ्या चाचण्या नाहीत आणि मंजुरीही नाही. तिथे आयसोट्रेटिनोइन आणि अँटिबायोटिक आधी. व्रण झालेल्या जागी केस परत येणार नाहीत, बायोलॉजिकनेही नाहीत.

मूल हवं असेल तर

दिवस राहिले म्हणून घाबरून औषध स्वतःहून बंद करू नका आणि लपवूही नका. अडालिम्युमॅबचा गरोदरपणातला अनुभव बराच मोठा आणि दिलासा देणारा आहे. नव्या दोन औषधांचा कमी आहे. अडालिम्युमॅब शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून बाळाकडे जास्त जातं, म्हणून कधी थांबायचं ते स्त्रीरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ मिळून ठरवतात. आपल्याकडे बाळाला जन्मल्या जन्मल्या बीसीजी आणि तोंडावाटे पोलिओ देतात, दोन्ही जिवंत लसी. आईने गरोदरपणाच्या उत्तरार्धात अडालिम्युमॅब घेतलं असेल तर या लसी आणि रोटाव्हायरसची लस सहा महिने पुढे ढकलायची असते. प्रसूतिगृहात हे काम नर्स सवयीने, न विचारता उरकतात. म्हणून बाळंतपणाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्या आणि सोबत जाणाऱ्या आजीला किंवा मावशीला समजावून ठेवा.

किती वर्षं घ्यायचं?

ठरलेला कोर्स नाही. बंद केल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आजार परत डोकं काढतो असाच बहुतेकांचा अनुभव. वर्षभर आयएचएस-४ तीनच्या आत राहिला, बोगदे शस्त्रक्रियेने निघाले, सिगारेट सुटली, वजन उतरलं, तर अंतर वाढवून बघण्याचा विचार डॉक्टरांसोबत करता येतो. पैशामुळे थांबावं लागणार असेल तर ते दोन महिने आधी सांगा. डॉक्टरांना गोळ्यांचा आधार लावायला, मोफत डोसची योजना शोधायला किंवा राहिलेला बोगदा औषध चालू असतानाच उघडायला तेवढा वेळ लागतो. एखादा डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्या, पुढचा ठरल्या दिवशीच. दोन एकदम टोचू नका.